लोखंड्यात काय कमी आहे

चि. संघप्रियाला लहानूमामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की तुझं पुडकं परवा चामोर्शीहून हातात पडलं. (फोन करता आला असता, हे मला माहीत आहे. पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि तिकडे पेन्सिल घासत असतेस. इथं माझ्या कानाला ती खरखर ऐकू येते. म्हणून पत्र. पत्र वाचताना माणसाला बाकी काही करता येत नाही.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. गुडघा आपल्या जागी आहे आणि दुखणंही आपल्या जागी आहे. मामीची तब्येत उत्तम, कारण ती सकाळपासून धानाची रोपं लावायला, रोवणीला जाते आणि मी घरी असतो. ऊर्जानगरहून तुझ्या आईचा फोन आला होता (तुझी आई म्हणजे माझी धाकटी बहीण ललिता. हे तुला सांगायची गरज नाही, पण पत्रात माणसाची ओळख नीट द्यावी असं माझं मत आहे). पोरगी पुण्यात वेळेवर जेवत नाही म्हणत होती. जेवत जा. उपाशी माणसाच्या रेषा थरथरतात.

आता मुख्य विषय. तुझ्या 'लोखंड्या' चित्रकथेचे बारा अंक निघाले, आता बाराही अंक एकत्र करून एक जाड पुस्तक निघणार, आणि त्याच्या मुखपृष्ठासाठी बारा मुखपृष्ठांतलं एक निवडायचं, इथवर मला कळलं. प्रकाशकाला चौथं हवं, वाघाचं. तुला चौथं नको. इथवरही ठीक. पण पुढं तू लिहिलंस की त्यांनी बाराही चित्रं टेबलावर मांडली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, 'काहीतरी कमी आहे. काय ते सांगता येत नाही.' आणि महिनाअखेरीपर्यंत तू ते कमी असलेलं शोधून भरलं नाहीस तर मुखपृष्ठ दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेणार. म्हणजे आत तुझा लोखंड्या आणि बाहेर भलत्याचाच! हे वाचून माझं डोकं सटकलं. काहीतरी कमी आहे म्हणजे काय? भाजीत मीठ कमी असते, पाइपात बोल्ट कमी असते. नाव सांगता येत नाई त तोंड उघडते काऊन हा माणूस? (मी पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे. रागात घसरतं. समजून घे.)

राग उतरायला दोन चहा लागले. तो उतरल्यावर मात्र मला निराळाच नाद लागला. समजा त्या माणसाचं खरं असलं तर? चित्रात एखादी गोष्ट नाही, आणि ती नाही हे पाहणाऱ्याला कळतं, पण कोणती ते कळत नाही, हे कसं होत असेल? चौतीस वर्षं मी वीज केंद्राच्या रंगविभागात काढली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तू लिहिलंस, 'मामा, तूच खरं सांगशील, बाराही चित्रांचा नंबर लाव.' तुझा हा विश्वास योग्य आहे. पाइपांवरचे बाण, टाक्यांवरचे आकडे, कवटी आणि दोन हाडांचे धोक्याचे फलक, असे हजारभर तरी नमुने माझ्या नावावर आहेत. शिवाय नाटकांचे पडदे. शिवाय विहाराची भिंत, जिच्यावर मी बोधिवृक्ष काढला आणि चोवीस आरे मोजून धम्मचक्र काढलं, आणि गावात एकानंही नाव ठेवलं नाही.

(नाव ठेवलं ते फक्त एकदा. केंद्रात नवीन सुरक्षा अधिकारी आले होते. त्यांनी मला फलक सांगितला, 'हातमोजे वापरा'. मी रुबाबदार कामगार काढला. हेल्मेट, बूट, मिशा, सगळं व्यवस्थित. हातमोजे बाजूला खिळ्याला टांगलेले दाखवले आणि कामगाराचे दोन्ही हात पाठीमागे. साहेब फलकापुढं पाच मिनिटं उभे राहिले आणि मला विचारलं, 'हा हातमोजे नेमके कुठे वापरतो आहे?' मी म्हणालो, साहेब, जेवणाची सुट्टी झाली आहे. तो फलक पुढं कँटीनमध्ये लागला. ही गोष्ट मी सहज सांगितली, हिचा पुढच्या मजकुराशी काही संबंध नाही.)

एकट्यानं नंबर लावणं मला पटेना. मी मामा, माझं मन तुझ्याकडं झुकणार. म्हणून अंगणात कपड्यांची दोरी ताणली, बाराही मुखपृष्ठं चिमट्यांनी ओळीनं टांगली, आणि जो येईल त्याला विचारायचं ठरवलं. पहिला आला दसरूभाऊ, आपला शेजारी. सव्वीस वर्षं कामगारांची बस चालवली त्यानं. सोबत त्याची बकरी होतीच, ती त्याच्यामागं सगळीकडं जाते. दसरूभाऊ पहिलं चित्र ओलांडून थेट दुसऱ्यापुढं थांबला, ज्यात लोखंड्या बसच्या गर्दीत उभा आहे. आणि तिथंच अडकला. बाई, तू बसचं स्टिअरिंग डावीकडं काढलं आहेस! दसरूभाऊचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याच्या घराची चूल छपरावर मांडली. 'हे बस चंद्रपूरले जाऊन राह्यली का अमेरिकेले?' असं विचारून त्यानं पुढची चित्रं बघायलाच नकार दिला. शेवटी मी पेन आणून स्टिअरिंग उजवीकडं केलं, तेव्हा तो तिसऱ्याकडं सरकला. त्यामुळं दुसऱ्या चित्रात आता दोन स्टिअरिंग आहेत.

पहिल्या चित्राबद्दल मी स्वतः बोलतो. वीज केंद्राच्या भंगारातून लोखंड्या बाहेर येतो, कोपरापर्यंत भंगारात रुतलेला, मागं चिमणी. सुरुवात चांगली आहे. निकामी ठरवून फेकलेलं यंत्र उठतं आणि काम शोधायला जंगलाच्या गावांकडं निघतं, ही तुझी कल्पना मला पहिल्या दिवसापासून आवडते (निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात मीही असाच निघालो होतो). पण चिमणीचा धूर उजवीकडं जातो आणि क्वार्टरच्या गॅलरीतली लुगडी डावीकडं उडतात. वारा एक ठरव. तिसऱ्या चित्रात लोखंड्या मोहफुलं वेचतो आहे, टोपल्यात हात घालून. झाडाला फुलंही आहेत आणि हिरवीगार पानंही. पोरी, तू गेल्यापासून मोहानं नियम बदलले का? फुलं गळतात तेव्हा झाड बोडकं असतं, पानं मागाहून येतात. पुण्याच्या लोकांना चालेल. मला नाही चालत.

चौथं म्हणजे प्रकाशकाचं लाडकं. पुढं वाघ, जबडा उघडलेला, त्याच्यामागं लोखंड्याचं नुसतं डोकं आणि खांदे. वाघ चांगला जमला आहे, मिशी तर फारच. पण दसरूभाऊचं म्हणणं असं की त्यानं आजवर बसपुढून रस्ता ओलांडणारे नऊ वाघ पाहिले, एकानंही तोंड उघडलं नव्हतं. नऊच्या नऊ बसकडं न बघता निघून गेले. असा जबडा पसरून तो कोणासाठी उभा आहे? लोखंडाला तो खाणार आहे का? मला हे पटलं. तुझ्या मनात चौथं काऊन नव्हतं, तेही कळलं.

नवव्या चित्राला एक तज्ज्ञ भेटला. मुलचेऱ्याकडचा बंगाली मासेवाला मोटारसायकलवर येतो, तो दारात थांबला. लोखंड्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात आहे आणि पुढं मासा उसळी मारतो आहे, त्या चित्राकडं तो बराच वेळ वाकून पाहत होता. मग त्यानं मला हिंदीत सांगितलं की हा मासा तळ्याचा नाही, समुद्राचा आहे, गोड्या पाण्यात एका तासात मरेल. पण डोळा छान काढला आहे, मासा ताजा आहे, म्हणून आपलं मत यालाच. मी त्याला विचारलं, आणि लोखंड्या कसा वाटतो? तो म्हणाला, कोण लोखंड्या? (हे लिहायचं की नाही यावर मी विचार केला. पण तू खरं सांग म्हणालीस.)

खरी सभा भरली दुपारी. आपल्या घरावरूनच बायांची रोवणीची टोळी जाते, मामीही त्यातच असते, आणि त्या दिवशी त्या भाकर खायला आपल्याच अंगणात थांबल्या. टोळीची मुख्य चंचल. तू तिला पाहिलं आहेस, उंच, आवाज धानाच्या बांधीच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. ती जेवता जेवता सहाव्या चित्रापाशी गेली. सहावं म्हणजे लोखंड्या धानाची रोवणी करतो आहे, वाकून, हात पाण्यात, चिखलात निळं आकाश पडलेलं. मला वाटलं आता वाहवा होणार. चंचल आधी हसायला लागली. मग बाकीच्या पाचजणी उठून आल्या आणि त्याही हसायला लागल्या. मामी तर तोंडात पदर कोंबून. मी विचारलं, काय झालं ते तरी सांगा! चंचल म्हणाली, 'लहानूभाऊ, हा पुढं चालून राह्यला नं! आपलंच लावलेलं आपल्याच पायानं तुडवते हा मेला!'

मी चित्र नीट पाहिलं आणि माझीच मला लाज वाटली. बाई गं, रोवणी मागं मागं सरकत करतात. पऱ्ह्याची रोपं पुढं लावायची आणि आपण मागं जायचं, लावलेलं डोळ्यापुढं हिरवं होत जाते आणि मोकळा चिखल पाठीकडं राहते. तू लहानपणी शेताच्या धुऱ्यावर बसून हे चाळीसदा पाहिलं आहेस. मीही पाहिलं आहे. पण आपण दोघांनी काय पाहिलं कोणास ठाऊक! तुझ्या लोखंड्यापुढं मोकळं पाणी आहे आणि पायाखाली नुकतीच लावलेली रोपं. एका दिवसात त्यानं एकराचं वाटोळं केलं असतं. मी जरा तुझी बाजू घेतली. म्हणालो, यंत्र आहे, त्याची पद्धत वेगळी असेल. त्यावर चंचलनं मला समजावून द्यायचं ठरवलं. सहाही जणी अंगणात ओळीनं वाकल्या, हातात काड्या घेतल्या, आणि गाणं म्हणत मागं मागं सरकायला लागल्या. प्रात्यक्षिक फार सुरेख झालं. फक्त पाठीमागं दोरी होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दोरी तुटली. थोडं किरकोळ नुकसान झालं, त्याबद्दल खाली लिहीन. जाता जाता चंचल सहाव्या चित्राबद्दल आणखीही काहीतरी म्हणाली आणि मामीनं त्यावर भर घातली, पण ते महत्त्वाचं नाही.

तर सर्वांची मतं घेऊन, स्वतःच्या अनुभवाची जोड देऊन लावलेला अधिकृत क्रम असा: पहिलं अकरावं चित्र, ज्यात लोखंड्या आपल्याकडं पाठ करून चुलीपाशी जेवायला बसला आहे आणि म्हातारी त्याला वाढते आहे. सगळ्या बायांचं मत यालाच पडलं, कारण म्हातारीनं पदर चुलीपासून दूर खोचला आहे, हे फक्त चुलीवर रांधणारीलाच माहीत असतं. दुसरं नववं, माशाच्या डोळ्यासाठी. तिसरं बारावं, कमरेइतक्या गवतातून निघून जाणारा लोखंड्या, हे माझं मत. गवत तुझ्यासारखं कोणी काढत नाही. बारा चित्रांत चार ठिकाणी गवत आहे आणि एक पान दुसऱ्यासारखं नाही. पाचवं आणि सातवं ठीकठाक. आठवं आणि दहावं मला एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. पहिलं वाऱ्यामुळं मागं पडलं, तिसरं पानांमुळं, दुसरं दोन स्टिअरिंगमुळं. सहावं बाद. चौथं निकालाच्या वेळी गैरहजर होतं.

आणि काय कमी आहे तेही मी शोधलं. रंग. तू लोखंडाला राखाडी देतेस. राखाडी लोखंड फक्त दुकानात असतं. उन्हापावसात उभं राहिलेलं लोखंड तपकिरी होतं, सांध्यांपाशी जास्त, आणि जिथं रोज घासलं जातं तिथं चकाकतं. हे चौतीस वर्षांच्या अनुभवातून सांगतो आहे. प्रकाशकाला माझं नाव घेऊन सांग, अकरावं चित्र तपकिरी करून देते, म्हणून विषय संपव. ललिताला आशीर्वाद कळव, तिकडं कोणी मोठं माणूस भेटलं तर त्यालाही.

तुझा,
लहानूमामा
(निवृत्त वरिष्ठ रंगारी)

ता.क. किरकोळ नुकसानीबद्दल. दोरी तुटून बाराही चित्रं अंगणात पडली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पडलेल्या चंचलकडं होतं. दसरूभाऊच्या बकरीचं नव्हतं. तिनं चौथं चित्र खाल्लं. जबड्यापासून सुरुवात करून शेपटीपर्यंत, मिशीसकट. आपल्या भागात बकरीनं वाघ खाल्ल्याची ही पहिलीच वेळ असावी असं दसरूभाऊ सगळ्या गावाला सांगत फिरतो आहे आणि बकरीची मान तेव्हापासून जरा ताठ आहे. बरं झालं तू छापील प्रती पाठवल्या, मूळ चित्रं नव्हे. पण शकुन म्हणून प्रकाशकाला कळवायला हरकत नाही.

ता.क. दुसरा. मी पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात मामी बांधीवरून आली आणि म्हणाली, वाचून दाखवा. सातवी पास आहे, पण तिला माझ्याकडून वाचून घ्यायला आवडतं. सगळं ऐकलं. रंगाच्या ठिकाणी तिनं नुसतं 'अस्सं' म्हटलं. मग पेन माझ्यापुढं ठेवला आणि बोलली, 'चंचल काय म्हणे ते लिवा. नाई त पाकीट मी चुलीत घालतो.' चाळीस वर्षांत तिनं चुलीत घालण्याची धमकी तीनदा दिली आहे आणि दोनदा खरी केली आहे. म्हणून लिहितो.

चंचल जाताना म्हणाली होती, 'आणि याचे हात कुठी आहे गा लहानूभाऊ? रोवणी त हातानं असते. पाण्यात काऊन लपवले?' मी म्हणालो, रोवणीत हात पाण्यातच असतात. ती म्हणाली, अर्धा वेळ असतात, अर्धा वेळ पऱ्हे सोडवतात. आणि निघून गेली. पण तुझी मामी गेली नाही. ती खाली पडलेली चित्रं एकेक उचलायला लागली आणि उचलता उचलता मोठ्यानं बोलायला लागली. 'इथी भंगारात गेले. इथी गर्दीत गेले. इथी टोपल्यात. इथी बाजारात, त पोत्यामागं. इथी पाण्यात. हे गवत. हे बी गवत. हे तळं. हे बी गवत. इथी जेवून राह्यला, त पाठ आपल्याकडं. हे आखरीचं, हे बी गवत.' बकरीच्या तोंडात उरलेल्या तुकड्याकडं बोट दाखवून म्हणाली, 'अन् तिथी वाघामागं.' मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, 'तुमचीच भाची.'

संघप्रिया, मी आतले अंक काढून पाहिले. आत लहान चौकटींत तू चिमट्यासारखं काहीतरी काढतेस आणि ते खपून जातं. पण मुखपृष्ठावर, मोठ्या चित्रात, बाराच्या बारा ठिकाणी त्याला हात नाहीत. बारा अंक हा बिचारा गावोगाव काम मागत फिरतो आणि कोणाला त्याचे हात दिसत नाहीत. प्रकाशक म्हणाला ते खरं आहे. मला त्याचा राग आला होता, त्याबद्दल माझ्या वतीनं माफी माग. (आत्ता नको. पुस्तक निघाल्यावर.)

तू लपवतेस हे तुला माहीत आहे का, हे मला ठाऊक नाही. पण कोणाकडून शिकलीस ते मला पक्कं ठाऊक आहे. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये तू आठ वर्षांची होतीस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मामीचं चित्र काढत होतीस, सुपात तांदूळ पाखडणारी मामी. सगळं जमलं आणि हातांपाशी अडलीस. मला विचारलंस, 'मामा, हात कसे काढू?' आणि मी, वीज केंद्राचा वरिष्ठ रंगारी, तुला म्हणालो, 'हात कायले पाहिजे? समोर गवत काढ. गवत सोपं असते.' तू स्वयंपाकघरात गवत काढलंस! ते चित्र मामीनं अजून ठेवलं आहे, तांदळाच्या कोठीमागं. आज तिनं ते काढून माझ्यापुढं धरलं. मामी बसली आहे, सूप आहे, आणि गुडघ्याइतकं गवत.

मला हात येत नाहीत, पोरी. कधीच आले नाहीत. कामगाराचे पाठीमागं बांधले, नाटकाच्या पडद्यावरच्या नायिकांचे पदराखाली घातले, विहारात झाडावर आणि चक्रावर भागवलं. लोक म्हणायचे, लहानूभाऊचं झाड म्हणजे झाड! आणि मी मनात म्हणायचो, बरं झालं, कोणी हात मागितले नाहीत. मी माझी लाज झाकायला जे गवत वापरलं, ते तुला शिकवलं विद्या म्हणून. एकोणीस वर्षं तू ते प्रामाणिकपणे काढून राह्यली. फार वाईट वाटलं मले. दिवसभर जेवलो नाई. (संध्याकाळी जेवलो. मामीनं मासे केले होते.)

ता.क. तिसरा, आणि कामाचा. वरचा क्रम विसर. अकरावंही विसर, पाठच आहे ती. तू ये. चंद्रपूरपर्यंत रेल्वेनं, तिथून चामोर्शीची बस, चामोर्शीला दसरूभाऊ घ्यायला येईल. (बकरी आणू नको असं त्याला सांगून ठेवलं आहे, पण खात्री देता येत नाही.) रोवणी अजून आठ-दहा दिवस आहे आणि तुझी मुदत महिनाअखेरीची, म्हणजे बसतं. सहावं चित्र नव्यानं काढू. लोखंड्या मागं मागं सरकतो आहे, त्याच्यापुढं लावलेलं हिरवं, आणि हात पाण्याबाहेर, पऱ्हे धरलेले, बघणाऱ्याच्या अगदी नाकासमोर. चंचलनं सांगितलं आहे, धुऱ्यावर हवा तेवढा वेळ बसा, पण काम थांबणार नाही, हलते हातच काढावे लागतील. दुपारी मामी बसायला तयार आहे. तुला येत नाही, मला येत नाही. मामीला दोन आहेत, एक तू घे, एक मी घेतो. माझं वय त्रेसष्ट आहे, त्यामुळं डावा मला दे, तो कमी हलतो.

येशील ना? नाही आलीस तर मी समजून घेईन. पण मग मला एकट्याला शिकावं लागेल आणि मी पुन्हा गवताकडं वळेन, हे मी स्वतःला ओळखून सांगतो.

ता.क. शेवटचा. पाकीट आणखी दोन दिवस घरीच राहिलं, म्हणून सोबत एक कागद जोडला आहे. मामीचा डावा हात, काल दुपारी काढला, तीन तास लागले, मध्ये ती दोनदा झोपली. आयुष्यातला पहिला पूर्ण हात आहे, नीट जपून ठेव. पाकिटात घालण्याआधी मी तो मोठ्या अभिमानानं तिला दाखवला. तिनं चष्मा लावला आणि बोटं मोजली. पुन्हा मोजली. सहा निघाली. मी खोडरबर शोधायला लागलो, तर तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि स्वतःच पाकिटात सरकवला. म्हणाली, 'राहू द्या जी. रोवणीले एक जास्तीचं कामी येते.'